वीस वर्षांनंतरचा रस्ता आत्ताच ठरतोय: अमेरिकेतल्या राज्यांचा लाँग रेंज ट्रान्सपोर्टेशन प्लॅन, सोप्या भाषेत

आमच्या इथल्या हायस्कूलच्या जिममध्ये एका संध्याकाळी रस्ता रुंद करण्याबद्दलची मीटिंग होती. भिंतीला लागून स्टँडवर मोठमोठे नकाशे, एका टेबलावर कमेंट कार्डं आणि पेन्सिलींचा डबा, आणि प्रत्येक नकाशाशेजारी गळ्यात ओळखपत्र घातलेलं वाहतूक खात्याचं एकेक माणूस. माझ्यापुढे एक आजोबा उभे होते, त्यांचं घर त्या रस्त्याला अगदी लागून, पुढची दोन मेपलची झाडं आणि कुंपण जाणार होतं. नकाशावर बोट ठेवून ते शांतपणे विचारत होते, "पण इथे चार लेन लागणार हे ठरवलं कुणी?" इंजिनियर बाई नीट समजावत होत्या की आज आपण फक्त डावीकडे वळायची लेन कुठे आणि साइडवॉक कुठल्या बाजूला यावर बोलतोय, चार लेनची गरज लाँग रेंज प्लॅनमध्ये आधीच नोंदलेली आहे. "तो प्लॅन कधी झाला?" "सात वर्षं झाली." "मला तर कुणी विचारलं नाही." "मीटिंगा झाल्या होत्या, नोटीसही निघाली होती."

दोघंही खरंच बोलत होते, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. नोटीस निघाली होती, मीटिंगा झाल्या होत्या, आणि आजोबांपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. त्या रात्री घरी येऊन मी पहिल्यांदा आमच्या राज्याचा प्लॅन उघडून वाचायला घेतला आणि मग हा विषय काही डोक्यातून जाईना, कारण एक गोष्ट स्पष्ट दिसली की आपण सगळे मशिनं दारात आल्यावर बोलायला जातो, म्हणजे वरातीमागून घोडं, आणि ज्या वेळी आपल्या एका वाक्याला खरंच वजन असतं त्या वेळी खोली रिकामी असते. म्हणून हे सगळं कसं चालतं ते जमेल तेवढं सोपं करून लिहितेय.

तर आधी हा प्लॅन म्हणजे नक्की काय. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांना, शिवाय वॉशिंग्टन डीसी आणि पोर्तो रिकोला, केंद्राच्या कायद्यानुसार संपूर्ण राज्याचा एक लांब पल्ल्याचा वाहतूक आराखडा करावाच लागतो. तो मंजूर होईल त्या दिवसापासून पुढची किमान २० वर्षं त्यात बघायची असतात, म्हणून या प्लॅनांच्या नावात २०४५, २०५० असे आकडे दिसतात. आणि हा फक्त हायवेचा प्लॅन नसतो बरं का, त्यात बस, रेल्वे, ट्रकने जाणारा माल, सायकल, पायी चालणारे, विमानतळ, बंदरं सगळं एकत्र बघायचं असतं. अलास्काचं उदाहरण घ्या, तिथली राजधानी जुनो बाकीच्या राज्याशी रस्त्याने जोडलेलीच नाही, तिथे १९६३ पासून चालणारी सरकारी फेरी बोट हाच हायवे, आणि तिचं नावही मरीन हायवेच आहे. त्यामुळे तिथल्या प्लॅनमध्ये बोटींचं वय आणि धक्क्यांची डागडुजी हा रस्त्यांइतकाच महत्त्वाचा मुद्दा. प्रत्येक राज्याचा प्लॅन म्हणूनच वेगळा दिसतो.

अजून एक फरक सुरुवातीलाच कळलेला बरा, कारण मी स्वतः पहिल्यांदा वाचताना तिथेच अडखळले. मी माझ्या रस्त्याचं नाव शोधत बसले आणि मला ते सापडेना. काही राज्यांच्या प्लॅनमध्ये कामांची यादी असते, अमुक रस्ता, तमुक पूल. पण बऱ्याच राज्यांचा प्लॅन धोरणाचा असतो, म्हणजे त्यात नुसती दिशा असते, 'आधी जुनं नीट ठेवू, मग नवं बांधू', 'अपघात कमी करणं सगळ्यात वर', 'माल वाहतुकीचे कॉरिडॉर बळकट करू' अशी वाक्यं. कायद्याला दोन्ही चालतं. अशी वाक्यं वाचून लोकांना वाटतं की हे काय गोड गोड बोलणं, याने काय होणार. पण पुढे जेव्हा पाचशे कामं आणि पैसे फक्त शंभर कामांचे अशी वेळ येते तेव्हा कुठलं काम वर आणि कुठलं खाली हे त्याच वाक्यांवरून गुण देऊन ठरतं. 'आधी जुनं नीट ठेवू' हे वाक्य प्लॅनमध्ये असलं तर नव्या लेनपेक्षा जुन्या पुलाला जास्त गुण, नसलं तर उलटं. आजोबांच्या मेपलचा निकाल अशाच एखाद्या वाक्यात लागलेला असतो, नकाशा नंतर येतो.

हे सगळं आलं कुठून, ते थोडं सांगायलाच हवं. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इंटरस्टेट हायवेच्या कायद्यावर सही केली, ४१ हजार मैलांचं जाळं, आणि खर्चातले ९० टक्के केंद्र देणार. डॉलरमागे नव्वद सेंट बाहेरून येत असतील तर कुठलं राज्य नाही म्हणेल? रस्ते झपाट्याने झाले आणि त्यांनी देशाला खूप काही दिलं यात शंकाच नाही, पण शहरांच्या आत शिरताना त्यांनी बहुतेकदा तीच वस्ती निवडली जिथली जमीन स्वस्त आणि जिथल्या लोकांचा आवाज वर पोचत नव्हता. मिनेसोटात सेंट पॉल शहरातला रोंडो हा कृष्णवर्णीय लोकांचा नांदता भाग, दुकानं, चर्च, घरं, इंटरस्टेट ९४ त्याच्या मधोमध गेला आणि शेकडो कुटुंबं उठली. तिथल्या वाहतूक खात्याने आणि शहराच्या महापौरांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०१५ मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर.

लोक गप्प बसले असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये समुद्राकाठी एम्बार्काडेरो नावाचा दुमजली फ्रीवे उभा राहिला तो बघूनच लोक इतके भडकले की १९५९ मध्ये शहराच्या बोर्डाने आखलेल्या दहापैकी सात फ्रीवेंना नकार दिला, आणि जो बांधला होता तो १९८९ च्या भूकंपात खिळखिळा झाल्यावर १९९१ मध्ये पाडून टाकला. मेम्फिसमध्ये ओव्हरटन पार्कमधून इंटरस्टेट ४० नेणार होते, तिथले नागरिक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, १९७१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि तो हायवे पार्कातून कधीच गेला नाही. पोर्टलंडमध्ये १९७४ मध्ये माउंट हूड फ्रीवे रद्द झाला आणि त्याचे पैसे दुसऱ्या कामांकडे वळले, त्यातूनच तिथली लाइट रेल उभी राहिली जी १९८६ मध्ये सुरू झाली.

या भांडणांमधून कायदा हळूहळू शहाणा होत गेला. १९६२ मध्ये ५० हजारांवर वस्ती असलेल्या शहरी भागांना सांगितलं गेलं की केंद्राचा पैसा हवा तर सतत चालणारं, सर्वांगीण आणि सगळ्यांनी मिळून केलेलं नियोजन दाखवा. पण ते शहरांपुरतं. संपूर्ण राज्याचा प्लॅन सक्तीचा झाला तो १९९१ च्या कायद्याने, ज्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (ISTEA) इथे सगळे आइस-टी म्हणतात, आणि त्याच कायद्याने लोकांना सामील करून घेणं हा नियोजनाचाच भाग झाला. २०१२ च्या कायद्याने त्यात आकडे घातले, म्हणजे राज्यांनी अपघाती मृत्यू, रस्त्यांची आणि पुलांची अवस्था अशा गोष्टींची उद्दिष्टं ठरवायची आणि किती गाठली ते सांगायचं. मिनेसोटातच १ ऑगस्ट २००७ ला मिनियापोलिसमधला इंटरस्टेट ३५ डब्ल्यूचा पूल संध्याकाळच्या गर्दीत मिसिसिपी नदीत कोसळला होता, १३ माणसं गेली. पुलांच्या अवस्थेचा आकडा वाचताना मला तरी तोच पूल आठवतो.

आता कागदांची साखळी, आणि हा भाग जरा लक्ष देऊन वाचा कारण लोक इथेच चुकतात. सगळ्यात वर राज्याचा लाँग रेंज प्लॅन. त्याच्या बरोबरीने प्रत्येक मोठ्या शहरी भागाची आपली एक संस्था असते, तिला एमपीओ म्हणतात, देशभरात अशा चारशेपेक्षा जास्त आहेत, आणि तीही आपल्या भागाचा २० वर्षांचा प्लॅन करते, तो चार किंवा पाच वर्षांनी नवा करावा लागतो, हवा खराब असलेल्या किंवा पूर्वी खराब असलेल्या भागांत चार, बाकी ठिकाणी पाच. या दोन्हींमधून कामं खाली येतात ती स्टिप नावाच्या यादीत. स्टिप म्हणजे पुढच्या किमान चार वर्षांत खरोखर कुठल्या कामाला किती पैसा लागणार याची राज्याची यादी, आणि केंद्राच्या हायवे आणि ट्रान्झिट अशा दोन्ही खात्यांनी ती मंजूर केल्याशिवाय केंद्राचा पैसा हलत नाही. त्यानंतर पर्यावरणाचा अभ्यास, मग डिझाइन, मग जागा घेणं, मग टेंडर, मग मशिनं. आजोबा आले होते डिझाइनच्या पायरीवर. प्रश्न होता सगळ्यात वरच्या पायरीचा.

गंमत म्हणजे राज्याच्या लाँग रेंज प्लॅनला केंद्राची मंजुरी लागतच नाही, त्याची प्रत फक्त माहितीसाठी पाठवायची असते. आणि किती वर्षांनी नवा करायचा याचाही ठरलेला आकडा केंद्राच्या नियमात नाही, वेळोवेळी तपासा आणि बदला एवढंच आहे, बाकी राज्याच्या स्वतःच्या कायद्यावर. म्हणजे हा कागद पूर्णपणे त्या राज्याचा आणि त्या राज्यातल्या लोकांचा. वरून कुणी साहेब येऊन तपासणार नाही, तपासणारे आपणच, म्हणून इथे लोकांचं बोलणं जास्त महत्त्वाचं असं मला मनापासून वाटतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. केंद्राचा हायवेचा पैसा मुख्यतः पेट्रोलच्या टॅक्समधून येतो, गॅलनला १८.४ सेंट, आणि हा दर १९९३ पासून तोच आहे. महागाई वाढली, गाड्या कमी तेलात जास्त धावू लागल्या, विजेच्या गाड्या तर हा टॅक्स देतच नाहीत, त्यामुळे २००८ पासून केंद्राला सरकारी तिजोरीतून या फंडात भर घालावी लागते. ओरेगनने २०१५ मध्ये मैलांवर पैसे घेण्याचा ऐच्छिक कार्यक्रम सुरू केला तो याच काळजीपोटी. आणि स्टिपला अशी अट आहे की जेवढा पैसा येईल असं खात्रीने सांगता येतं तेवढ्याच कामांची यादी करा, नुसत्या इच्छा लिहू नका. राज्याच्या लाँग रेंज प्लॅनला मात्र ही अट नाही, तिथे पैशाचा हिशोब जोडला तर चांगलं, नाही जोडला तरी चालतं. म्हणून प्लॅन वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा की यातलं किती परवडणारं आहे आणि उरलेलं कुठून आणणार, ज्या प्लॅनमध्ये हे पान प्रामाणिकपणे लिहिलंय तो प्लॅन चांगला असं मी तरी समजते.

आता येतो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, अंदाज. २० वर्षांनी या रस्त्यावर किती गाड्या असतील हे कुणालाच माहीत नसतं, पण प्लॅनला आकडा लागतो, म्हणून कॉम्प्युटरवर मॉडेल चालवतात. जुनी आणि अजूनही खूप ठिकाणी वापरली जाणारी पद्धत चार पायऱ्यांची आहे. आधी सगळ्या भागाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती लोक राहणार, किती नोकऱ्या असणार यावरून किती फेऱ्या निघतील ते काढायचं. मग त्या फेऱ्या कुठून कुठे जातील ते बसवायचं. मग त्यातल्या किती गाडीने, किती बसने, किती पायी. आणि शेवटी त्या रस्त्यांच्या जाळ्यावर टाकायच्या, म्हणजे कुठला रस्ता तुंबतो ते नकाशावर लाल दिसतं. तुम्ही मीटिंगमध्ये जो लाल पट्टा बघता ना, तो इथून आलेला असतो.

पण बघा, चारही पायऱ्यांत माणसाने धरलेली गृहीतकं आहेत. तुमच्या गावाबाहेर त्या शेतांवर तीन हजार घरं होतील असं कुणीतरी धरलंय. बस तासाला एकच येत राहील असं धरलंय. घरून काम करणारे किती, पेट्रोल केवढ्याला, सगळं धरलेलं. आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, रस्ता रुंद केला की नवीन गाड्या येतात का, हे मॉडेलमध्ये किती धरलंय. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे याचं नेहमीचं उदाहरण, २००८ मध्ये तो रुंद करून झाला, बाजूचे रस्ते धरले तर काही ठिकाणी २६ लेनपर्यंत, आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळेचा प्रवास पुन्हा लांबला. कारण साधं आहे, रस्ता मोकळा दिसला की जे आधी गर्दीला घाबरून दुसऱ्या वेळी निघायचे, दुसऱ्या रस्त्याने जायचे किंवा जायचेच नाहीत ते सगळे तिथे येतात, आणि लोक लांब घरं घेतात कारण आता जाणं सोपं वाटतं. याचा अर्थ कुठलाच रस्ता कधी रुंद करू नये असं मी म्हणत नाहीये, काही ठिकाणी खरंच गरज असते, घाटातल्या दोन लेनच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे अडकून जीव धोक्यात घालून ओव्हरटेक करणाऱ्यांना विचारा. पण लाल पट्टा बघितला की "हा आकडा कशावरून आला आणि काहीच केलं नाही तर काय होईल" एवढं विचारण्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही, आणि नियमानुसार तांत्रिक माहिती लोकांना बघायला मिळालीच पाहिजे.

नियमांवरून आठवलं, लोकांच्या सहभागाबद्दल केंद्राचा नियम खरं तर बराच स्पष्ट आहे आणि लोकांना तो माहीतच नाही. मीटिंग सोयीच्या जागी आणि सोयीच्या वेळी हवी, म्हणजे अपंग माणसाला व्हीलचेअरवरून येता आलं पाहिजे आणि कामावर जाणाऱ्याला संध्याकाळी जमलं पाहिजे. माहिती वेबवर ठेवायची. नुसता मजकूर नाही, नकाशे, चित्रं अशी डोळ्यांना कळणारी मांडणी करायची. कमी उत्पन्नाची आणि अल्पसंख्य कुटुंबं, ज्यांचा आवाज आजवर कमी ऐकला गेला, त्यांच्या गरजा राज्याने स्वतः जाऊन शोधायच्या, ते येतील म्हणून बसून राहायचं नाही. लोकांना कसं सामील करून घेणार याची राज्याची लेखी पद्धत असते, ती बदलायची तर तिच्यावरच किमान ४५ दिवस लोकांचं म्हणणं मागवावं लागतं. आणि मला सगळ्यात आवडतं ते कलम म्हणजे लोकांनी जे सांगितलं त्याचा विचार केला आणि उत्तर दिलं हे राज्याने दाखवून दिलं पाहिजे. हो म्हणायलाच पाहिजे असं नाही, पण उत्तर पाहिजे. तुमचं वाक्य फाइलमध्ये जाऊन मरता कामा नये.

गावाकडच्या भागांसाठी वेगळी सोय आहे. ज्यांना एमपीओ नाही त्या भागातल्या स्थानिक पदाधिकाऱ्यांना राज्याने सोबत घ्यायचं असतं आणि आदिवासी जमातींच्या सरकारांशी वेगळं बोलायचं असतं, कारण ती स्वतंत्र सरकारं आहेत, सामान्य जनतेत त्यांना मोजून चालत नाही. कोलोराडोने राज्याचे नियोजनासाठी १५ भाग पाडलेत, त्यातले ५ एमपीओ आणि १० ग्रामीण, आणि २०१९ मध्ये नवा प्लॅन करताना तिथले अधिकारी राज्यातल्या ६४ च्या ६४ काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, जाऊन आले. नकाशावर कोलोराडो काढून बघा म्हणजे कळेल ते किती फिरणं आहे. पण असं फिरल्यावरच कळतं की डोंगरातल्या एका गावाला नव्या लेनपेक्षा रस्त्याच्या कडेचा रुंद शोल्डर हवाय, कारण तिथे सायकलवाले आणि ट्रॅक्टर एकाच पांढऱ्या पट्टीवर चालतायत.

हे करायला पैसा लागतो आणि तो आहे, केंद्राच्या बऱ्याचशा हायवे निधीतले शंभरातले दोन डॉलर नियोजन आणि संशोधनासाठी बाजूला ठेवणं राज्यांना बंधनकारक आहे. त्यामुळे "आमच्याकडे भाषांतराला पैसे नाहीत" असं कुणी म्हटलं तर मी तरी पुढचा प्रश्न विचारेन.

आता कमेंट कशी लिहायची, कारण लोक म्हणतात की लिहून काय होतं. मी एकदा आमच्या प्लॅनच्या शेवटी जोडलेली कमेंटची पुरवणी पूर्ण वाचून काढली. तक्ता असतो, डावीकडे लोकांचं वाक्य, उजवीकडे खात्याचं उत्तर. "ट्रॅफिक भयंकर आहे, काहीतरी करा" याच्यासमोर उत्तर होतं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार." अशी पानंच्या पानं. मग एक होतं, कुणीतरी लिहिलं होतं की अमुक राज्य रस्त्यावर नर्सिंग होमसमोर बस थांबते पण पलीकडे जायला क्रॉसिंग पाऊण मैलावर आहे, म्हणून लोक मधूनच पळत रस्ता ओलांडतात, प्लॅनमध्ये पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षिततेचं उद्दिष्ट आहे पण त्यासाठी बस थांबे कुठेच मोजलेले नाहीत, ते मोजा. आणि त्यासमोर उत्तर, "सूचना मान्य, निकषात बस थांब्यापासून क्रॉसिंगचं अंतर समाविष्ट केलं आहे." एक माणूस, चार ओळी, आणि संपूर्ण राज्यातले बस थांबे मोजायची सोय झाली. मी ते पान तीनदा वाचलं.

फरक काय होता बघा. त्याने जागा सांगितली, तिथे काय घडतं ते सांगितलं, प्लॅनमधलं त्यांचंच वाक्य त्यांना दाखवलं, आणि नेमकं काय बदला ते सांगितलं. राग येणं साहजिक आहे, पण रागाला तक्त्यात नेमकं उत्तर देता येत नाही, मागणीला देता येतं. एकच छापील पत्र दोनशे जणांनी पाठवलं तर ते बहुतेकदा एकाच ओळीत एकत्र होतं, त्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या दहा जागा लिहिल्या तर दहा उत्तरं द्यावी लागतात. आणि वेळ पाळा, ड्राफ्टवर बोलायची मुदत बऱ्याच ठिकाणी ३० दिवसांची असते, पण ड्राफ्ट येईपर्यंत निम्मं ठरलेलं असतं, त्याच्याही आधी जे सर्व्हे आणि ओपन हाऊस, म्हणजे कुणीही येऊन बघावं, बोलावं अशा खुल्या बैठका होतात तिथे जाणं जास्त कामाचं. राज्याच्या वाहतूक खात्याच्या साइटवर ईमेल नोंदवून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

येत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मला सतत टोचतो. संध्याकाळी सहाच्या मीटिंगला दोन शिफ्ट करणारी बाई येत नाही, ज्याच्याकडे गाडी नाही तो बस नसलेल्या जागी ठेवलेल्या मीटिंगला येऊ शकत नाही, आणि गंमत बघा, बसबद्दल सगळ्यात जास्त त्यालाच सांगायचं असतं. आलेल्यांची सरासरी काढून 'जनतेचं मत' म्हणायचं, तर ते गाडी असलेल्या, वेळ असलेल्या, इंग्रजी सराईत बोलणाऱ्या माणसांचं मत होतं. म्हणून चांगली खाती टेबल घेऊन बस स्थानकावर, लॉन्ड्रोमॅटमध्ये (नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात), काउंटीच्या जत्रेत जाऊन बसतात. तुमच्या राज्यात असं होत नसेल तर कमेंटमध्ये तेच लिहा, ते नियमाला धरूनच आहे. तुम्हाला जमत असेल तर शेजारच्या एखाद्याचं म्हणणं त्याच्या नावाने लिहून द्या, त्याची परवानगी घेऊन.

गेल्या वर्षी आमच्या राज्याने नवा प्लॅन करायला घेतला आणि पहिलं ओपन हाऊस सार्वजनिक वाचनालयात झालं, या वेळी शनिवारी दुपारी, मुलांसाठी रंगायला कागद ठेवलेले, स्पॅनिश बोलणारी एक मुलगी दारातच उभी. टेबलावर पाच काचेच्या बरण्या होत्या, जुने रस्ते आणि पूल, नव्या लेन, बस आणि रेल्वे, पायी आणि सायकल, अपघात रोखणं, अशा चिठ्ठ्या लावलेल्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला दहा लाकडी टोकनं, ही तुमची बजेट समजा आणि वाटा. ऐकायला लहान मुलांचा खेळ वाटतो पण दहा टोकनं हातात घेतली की कळतं, सगळ्या बरण्यांत टाकावंसं वाटतं आणि पुरत नाहीत. मी चार पुलांना टाकली, तीन अपघातांना, आणि उरलेल्या तिनांवर अडकले.

तिथे ते आजोबा भेटले. त्यांची झाडं गेली होती, रस्ता अर्धा झाला होता. त्यांनी आपली टोकनं टाकली, मग मागे न फिरता टेबलामागच्या माणसाला विचारलं, "ही मोजणार कोण, आणि आकडा कुठे छापणार?" त्याने सांगितलं की प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा छापतात, आणि एका चिठ्ठीवर पुरवणीचं नाव आणि ती साइटवर येण्याचा महिना लिहून दिला. आजोबांनी चष्मा लावून तो महिना एकदा मोठ्याने वाचला आणि चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.